शेजार बघून तंबू ठोका: मुलाबाळांसह राहायला कॅम्पसाइट कशी निवडावी

रात्रीचे पावणेबारा. धाकटी तिसऱ्यांदा दचकून उठली होती, मोठा उशीत तोंड खुपसून "आई, त्यांना सांग ना" म्हणत होता, आणि पंधरा फुटांवरच्या तंबूतला स्पीकर काही थांबायचं नाव घेत नव्हता. मी चपला शोधल्या, टॉर्च घेतला आणि मॅनेजरला शोधायला निघाले. रिसेप्शनच्या खोलीला कुलूप. कुलपाच्या वर सुबक अक्षरांत पाटी: 'रात्री 10 नंतर शांतता राखावी.' पाटीवरच्या नंबरवर फोन लावला, तर त्याच बंद खोलीत आतून रिंग ऐकू आली.

त्या साइटचे फोटो सुंदर होते. शॉवरला गरम पाणी होतं, झोपाळा होता, तारे दिसत होते. रात्री जागा असलेला माणूस तेवढा नव्हता. तेव्हापासून साइट निवडताना मी प्रश्नांचा क्रमच बदलला. शेजारच्या तंबूत कोण येणार हे आपल्या हातात नसतं. पण त्यांना आवरणारं कोणी आहे का, हे बुकिंगच्या आधी शोधून काढता येतं. सुविधा, नकाशा, रिव्ह्यू हे सगळं बघायचंच, पण या एका प्रश्नाचं बोट धरून.

आधी आपल्यातलं कोण येतंय ते बघा

'फॅमिली कॅम्पसाइट' हा शब्द जाहिरातीत फार ढिला वापरतात. दोन वर्षांचं मूल आणि बारा वर्षांचं मूल यांच्या गरजा इतक्या वेगळ्या, की एक जिथे रमतं तिथे दुसरं तासाभरात कंटाळतं. नुकत्याच चालायला लागलेल्या मुलासाठी नीट बंद होणारं फाटक, पाण्यापासूनचं अंतर आणि जवळचं टॉयलेट यापुढे बाकी सगळं गौण. आठ-दहा वर्षांच्यांना हुंदडायला गाड्या नसलेली मोकळी जागा आणि बरोबरीची मुलं हवीत. पंधरा वर्षांच्याला नेटवर्क हवं, ते मान्य करून टाका. आजी-आजोबा बरोबर असतील तर रात्री दोनदा उठून जायची वाट कशी आहे, कमोड आहे का आणि झोपायला कॉट मिळेल का, यावर सगळी सहल तरते किंवा बुडते.

ज्यांच्याशिवाय चालणारच नाही अशा तीन गोष्टी कागदावर लिहा. तीनच. दहा लिहिल्यात तर एकही साइट सापडणार नाही. आमच्या तीन अशा: रात्री साइटवरच राहणारा जबाबदार माणूस, एका मिनिटाच्या चालीवर स्वच्छ टॉयलेट, आणि तंबू व पाणी यांच्यामध्ये काहीतरी अडसर.

नकाशावर अर्धा तास घालवा

साइटच्या पानावरचे फोटो मालकाने काढलेले असतात. उपग्रहाने काढलेला फोटो कोणाची भीड ठेवत नाही. तेव्हा नाव टाका, सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि आधी पाणी शोधा.

नदीकाठची सपाट, मऊ, हिरवी जागा तंबूसाठी सगळ्यांनाच आवडते. ती सपाट का आहे, याचा विचार मात्र कोणी करत नाही. बहुतेकदा पुरानेच ती गाळ टाकून सपाट केलेली असते. स्पेनमध्ये पिरेनीज पर्वतात बिएस्कासजवळची लास निएवेस ही कॅम्पसाइट अशीच होती: डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याने आणलेल्या, पंख्यासारख्या पसरलेल्या गाळावर वसवलेली. 7 ऑगस्ट 1996 रोजी वर ढगफुटीसारखा पाऊस झाला, ओढा दगडधोंडे घेऊन खाली आला आणि 87 माणसं गेली. अमेरिकेत आर्कान्सामधल्या अल्बर्ट पाइक कॅम्पग्राउंडवर 11 जून 2010 च्या पहाटे पूर आला, तेव्हा माणसं तंबूंत आणि गाड्यांत झोपलेली होती. 20 जण मेले. घाबरवायला हे सांगत नाही. पण 'नदीकिनारी' हा शब्द वाचून मन पाघळलं, की मी नकाशावर दोन गोष्टी बघते: साइट पाण्यापासून किती उंच आहे, आणि डोंगरातून येणारी एखादी घळ थेट तिच्यावर उतरते का. उतरत असेल तर पावसाळी दिवसांत तिथे जायचं नाही. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी नाही, कारण पाऊस वरच्या डोंगरात पडतो आणि पाणी खाली आपल्याकडे येतं.

मग आवाज. हायवे, रेल्वेचा रूळ, उघड्यावरचा समारंभाचा हॉल, बारची गच्ची, खाणीचा रस्ता. नकाशावरची मोजपट्टी वापरून अंतर मोजा. मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे 5 मीटरवरचा स्पीकर 10 मीटरवर नेला तर 6, 20 वर 12, 40 वर 18 डेसिबल कमी. हे आकडे ऐकायला छोटे वाटतात, पण 40 मीटरवरच्या गप्पा आणि 5 मीटरवरच्या गप्पा यांत झोप आणि जागरण एवढा फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली युरोपसाठी जी मार्गदर्शक मर्यादा सुचवली, ती रात्री घराबाहेर सरासरी 40 डेसिबल आहे. साधं संभाषण मीटरभरावरून 60 च्या आसपास असतं. आणि घराला निदान भिंती असतात, तंबूचं कापड आवाजाला जवळपास काहीच अडवत नाही.

नकाशा बंद करण्याआधी जवळचं हॉस्पिटल किती अंतरावर आहे ते बघून ठेवा. एवढं पुरे.

नियमांचं पान वाचा, बारीक अक्षरांसकट

सुविधांचं पान सगळे वाचतात. नियमांचं पान वाचणारा एखादाच. माझ्या मते साइटचा स्वभाव त्या दुसऱ्या पानावर कळतो.

'कृपया इतरांना त्रास होईल असे वागू नये' हा नियम नव्हे, ती प्रार्थना आहे. नियमात वेळ असते, मोजमाप असतं आणि मोडला तर काय होईल ते असतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांचे नियम बघा: रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत अवाजवी आवाज करायला मनाई, आणि यंत्रांच्या व वाद्यांच्या आवाजासाठी 50 फुटांवर 60 डेसिबल अशी मोजता येणारी मर्यादा. जर्मनीतल्या अनेक कॅम्पसाइटवर रात्रीखेरीज दुपारीही, साधारण 1 ते 3, शांततेची वेळ असते, तेव्हा गाडी आत आणायचीसुद्धा नाही. दुपारी झोपणारं बाळ बरोबर असेल तर असल्या नियमाची किंमत कळते.

वाचताना मी पुढच्या गोष्टी शोधते. स्पीकरवर गाणी चालतात का? 'हळू आवाजात चालतील' असं लिहिलं असेल तर चालतात असंच समजा, कारण हळू म्हणजे किती हे दुसऱ्या पेल्यानंतर बदलतं. मोठे ग्रुप घेतात का, आणि घेत असतील तर त्यांची जागा वेगळी आहे का? काही साइटवर 'फक्त कुटुंबं आणि जोडपी' असा नियम असतो, काही ठिकाणी ठरावीक संख्येपुढच्या ग्रुपला आधी फोन करून परवानगी घ्यावी लागते. दोन्ही चांगल्या खुणा. एका तंबूच्या जागेवर जास्तीत जास्त किती माणसं? बाहेरचे पाहुणे रात्री किती वाजेपर्यंत थांबू शकतात? गाड्यांचं फाटक किती वाजता बंद होतं? आत गाडीला वेगमर्यादा आहे का?

शेवटचा प्रश्न फालतू वाटेल. पण संध्याकाळच्या अंधुक उजेडात, तंबूंच्या मधून, कोणी उशिरा आलेला माणूस जागा शोधत गाडी फिरवत असतो आणि त्याच वाटेवर मुलं लपाछपी खेळत असतात. ज्या साइटवर गाड्या फाटकाबाहेर लावून सामान हातगाडीने आत न्यावं लागतं, तिथे मी दोन फेऱ्या जास्त मारते आणि नंतर निवांत बसते.

नियमांचं पानच नसेल तर? तर फोनवर जास्त खोदून विचारायचं. लहान, घरगुती साइटवर पान नसतं पण मालक स्वतः तिथेच राहतो, आणि ते कधीकधी शंभर नियमांपेक्षा बरं पडतं.

रिव्ह्यू वाचण्याची एक रीत

सरासरी तारे बघू नका. कोरड्या सोमवारी येऊन गेलेल्या जोडप्याचे पाच तारे आणि जोडून आलेल्या सुट्टीत चार मुलांसह राहिलेल्या आईचे दोन तारे यांची सरासरी काढून हाती काही येत नाही. नवे रिव्ह्यू वर आणा, आणि आपण ज्या दिवसांत जाणार त्याच दिवसांतले, मागच्या वर्षीचे, शोधा. मालक बदलला की साइट बदलते, म्हणून दोन वर्षांपूर्वीचं कौतुक मी धरत नाही.

सगळ्यांत कामाचे रिव्ह्यू तीन ताऱ्यांचे. एक तारा देणारा चिडलेला असतो, पाच देणारा खूश, तीन देणारा तपशील सांगतो. शोधायच्या चौकटीत 'रात्री', 'आवाज', 'गाणी', 'ग्रुप', 'टॉयलेट', 'मुलं' हे शब्द एकेक टाकून बघा.

मग मालकाचं उत्तर वाचा. आवाजाच्या तक्रारीवर 'लोक मजा करायला येतात, आम्ही काय करणार' असं उत्तर असेल तर विषय संपला. 'त्या ग्रुपला आम्ही दोनदा सांगितलं आणि सकाळी जायला सांगितलं' असं असेल तर ती एक तारा मिळालेली तक्रार माझ्या लेखी शिफारस आहे. गंमत म्हणजे अशा साइटवर आणखी एका तऱ्हेचे एक-तारा रिव्ह्यू सापडतात: 'मॅनेजर अतिशय खडूस, साडेदहालाच गप्प बसवलं.' असे दोन-तीन दिसले की मी ताबडतोब फोन उचलते.

पाहुण्यांनी टाकलेले फोटोही बघा. मागे काय दिसतं ते. तंबू किती जवळ आहेत, कचऱ्याचे डबे वाहतायत का, दोरीवर लहान कपडे वाळतायत की शेकोटीभोवती बाटल्यांची रांग.

फोन करा, आणि रात्रीबद्दल विचारा

ऑनलाइन बुकिंग कितीही सोपं असलं तरी एक फोन कराच. संध्याकाळी आठच्या पुढे केलात तर आणखी छान: कोणी उचलतं का, तेही कळतं.

मागच्या वेळचं संभाषण साधारण असं झालं.

"काका, रात्री साइटवर कोण असतं?"

"आम्ही असतोच की."

"आम्ही म्हणजे? झोपायला तिथेच असता की घरी जाता?"

"मी नाही, पोरं असतात."

"रात्री बाराला कोणी गोंगाट केला तर मी कोणाला उठवायचं? त्यांचा नंबर मिळेल?"

इथे जी शांतता पसरली, तिने उत्तर दिलं. दुसऱ्या साइटवर हाच प्रश्न विचारला तर बाई म्हणाल्या, "मला उठवा. पांढऱ्या दाराची खोली, दिवा चालू असतो. पण तशी वेळ यायची नाही, दहा वाजता मी फेरी मारते." आम्ही तिथे गेलो.

अजून काही विचारण्यासारखं: त्या तारखांना मोठा ग्रुप किंवा कार्यक्रम आहे का? कोणाचा वाढदिवस, ऑफिसची सहल? 'तुमच्याकडे शांतता असते का' असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम 'हो' असतं. 'मागच्या महिन्यात कोणाला गप्प बसवायची वेळ आली होती का, काय केलंत?' असं विचारा. खरा सांभाळणारा माणूस लगेच किस्सा सांगतो. किती तंबू लागतात आणि टॉयलेट किती, हेही विचारा. आणि पाऊस आला तर पैसे परत की तारीख बदलून, हे मेसेजवर लिहून घ्या, म्हणजे नंतर वाद नको.

मुलं बरोबर आहेत, त्यांची वयं ही, असं आपणहून सांगा. शहाणा मालक मग ग्रुपपासून लांबची जागा देतो. 'मुलं? हरकत नाही' एवढंच म्हणणारा आणि 'किती वर्षांची?' असं उलट विचारणारा यांत मी दुसऱ्याला निवडते.

सोयी: यादीत काय आहे यापेक्षा भर गर्दीत काय उरतं ते बघा

टॉयलेटपासून सुरुवात, कारण कॅम्पिंग आवडलं की नाही हे मुलं टॉयलेटवरून ठरवतात. संख्येसाठी एक ढोबळ मोजमाप हाताशी असू द्या. आपत्तीग्रस्तांच्या छावण्यांसाठी जगभर वापरली जाणारी स्फिअर मानकं सांगतात, की पहिली घाई सरल्यावर 20 माणसांमागे निदान एक टॉयलेट असावं, आणि ते राहत्या जागेपासून 50 मीटरपेक्षा लांब नसावं. सुट्टीवर जाणाऱ्या माणसाला एवढं तरी मिळायला हवं ना? साइटवर चाळीस तंबू लागत असतील तर माणसं दीडशेच्या घरात जातात. तिथे चार टॉयलेट असतील तर सकाळी सातची रांग डोळ्यांपुढे आणा, आणि त्या रांगेत 'आई, आत्ताच्या आत्ता' म्हणणारं मूल.

स्वच्छता दिवसातून किती वेळा होते हे विचारा. 'रोज' हे उत्तर गर्दीच्या दिवसांत अपुरं आहे, सकाळ-संध्याकाळ तरी हवी. हात धुवायला वाहतं पाणी आणि साबण, आतून लागणारी कडी, उंचावर हुक, रात्रभर जळणारा दिवा. बाळ असेल तर त्याचे कपडे बदलायला कोरडी, सपाट जागा. हुकाचं एवढं का, असं वाटेल. एका हातात टॉवेल, दुसऱ्यात ओलं मूल, खाली चिखल आणि कपडे ठेवायला काहीच नाही, असं एकदा झालं की कळतं.

गरम पाणी आहे का, हे विचारतोच आपण. किती गरम, हे विचारत नाही. 60 अंश सेल्सिअसचं पाणी लहान मुलाच्या नाजूक कातडीला काही सेकंदांत भाजतं. मिक्सरचा नळ नसलेल्या शॉवरमध्ये आधी बादलीत पाणी घ्या, हात घालून बघा.

पिण्याचं पाणी कुठून येतं आणि त्या नळावर तसं लिहिलंय का, हे बघा. शंका आली तर उकळून घ्या किंवा बरोबर न्या.

विजेचा घोळ बहुतेकांना उशिरा कळतो. युरोपातल्या अनेक साइटवर तंबूजवळ निळा, तीन पिनांचा 16 अँपिअरचा सॉकेट असतो, पण मागचा ब्रेकर बऱ्याचदा 6 किंवा 10 अँपिअरचाच ठेवलेला असतो. हिशेब सोपा आहे: 230 व्होल्टला 6 ने गुणलं की 1380 वॅट. घरची 2000 वॅटची किटली लावली की खटका पडतो, आणि भर गारठ्यात कधी आख्ख्या रांगेचा दिवा जातो. शेजाऱ्यांशी ओळख करून घ्यायची ही काही चांगली तऱ्हा नाही. कमी वॅटची छोटी किटली घ्या. एक्स्टेंशनचं रीळ असेल तर वापरताना वायर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली ठेवली तर जास्त लोडला आतल्या आत तापून वितळू शकते.

स्वयंपाकाची शेड असेल तर उत्तम, आणि ते केवळ सोयीपुरतं नाही. पाऊस आला की लोक शेगडी तंबूत घेतात. जळता कोळसा, विझत आलेला निखारा, गॅसची शेगडी, काहीही तंबूच्या आत किंवा पुढच्या बंद ओसरीत नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही, आणि धग गेलेल्या निखाऱ्यांतूनही तो बाहेर पडत राहतो. ऊब मिळावी म्हणून बार्बेक्यू आत घेऊन झोपलेली कुटुंबं सकाळी उठलीच नाहीत, असं खरोखर घडलेलं आहे.

खेळायच्या जागेत खाली माती किंवा वाळू आहे की काँक्रीट, ते फोटोत दिसतं. स्विमिंग पूल असेल तर कुंपण आणि आपोआप लागणारं फाटक आहे का, ते विचारा. लाइफगार्ड असला तरी बुडणारं मूल ओरडत नाही, त्यामुळे नजर आपलीच. वायफाय, कॅफे, दुकान यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. असलं तर असलं.

कुठली जागा मागायची

साइट चांगली आणि जागा वाईट, असं फार होतं. बुकिंग करताना नकाशा मागा आणि नंबर सांगून जागा घ्या.

टॉयलेटपासून जवळ हवी, पण दाराशी नको. रात्रभर दार आपटतं, दिवा तंबूत येतो, आणि प्रत्येक जाणारा-येणारा दोरीला अडखळतो. तीस-चाळीस पावलं लांब असलेली, वाटेच्या कडेला नसलेली जागा बरी. खेळायच्या जागेला लागून घेण्याचा मोह मीही केलाय. पहाटे सहाला झोपाळ्याची कुरकुर सुरू होते आणि रात्री नऊपर्यंत थांबत नाही. तंबूतून दिसेल इतकी लांब, हे योग्य अंतर. कोपऱ्यातली जागा मिळाली तर शेजारी निम्मे होतात.

दोन तंबूंमध्ये किती अंतर सोडलंय? ब्रिटनमध्ये टूरिंग कॅराव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या फिरत्या घरांच्या, साइटसाठीच्या आदर्श नियमावलीत दोन कॅराव्हॅनमध्ये 6 मीटर सोडायला सांगितलेत, ते आगीच्या भीतीने. एक पेटला तर दुसऱ्यापर्यंत ज्वाळा पोहोचू नये म्हणून. झोपेच्या दृष्टीनेही 6 मीटर किमान समजा. दोऱ्या एकमेकांवरून गेलेल्या साइटवर गर्दीच्या दिवशी जाऊ नका.

वर बघायला विसरू नका. वाळलेली फांदी, एकटं उंच झाड, वरून जाणारी विजेची तार, यांच्याखाली तंबू नको. जमीन किंचित उताराची असली तर चालते, डोकं वरच्या बाजूला ठेवायचं. खोलगट असेल तर पावसात त्याचं तळं होतं.

पोहोचल्यावर खुंट्या लगेच मारू नका

आमच्याकडे ठरलेलं आहे: गाडीतून उतरल्यावर वीस मिनिटं सामानाला हात लावायचा नाही. एक जण मुलांना घेऊन टॉयलेट बघून येतो, दुसरा साइटला चक्कर मारतो. टॉयलेट दुपारी चारलाच घाण असेल तर रात्री काय असेल? शेजारच्या तंबूंकडे बघा. छोट्या सायकली, वाळत घातलेले मोजे, बाहेर मांडलेली पुस्तकं दिसली की जीव भांड्यात पडतो. मोठा स्पीकर, कूलबॉक्सची चळत आणि वर्तुळात मांडलेल्या बारा खुर्च्या दिसल्या तर लगेच, उजेड असतानाच, रिसेप्शनला जाऊन जागा बदलून मागा. दुपारी चारला जागा बदलणं दहा मिनिटांचं काम आहे, रात्री अकराला अशक्य.

परत फिरायची तयारी ठेवा. तंबू एकदा लागला की माणूस 'आता आलोच आहोत तर' म्हणून सगळं सोसतो. म्हणून जवळच्या दुसऱ्या साइटचा किंवा साध्या लॉजचा नंबर आधीच खिशात असावा. पहिलीच वेळ असेल तर घरापासून तासाभराच्या अंतरावर, मधल्या वारी, एकाच रात्रीसाठी जा.

शेजाऱ्यांशी बोलायची वेळ

रात्री बाराला टॉर्च रोखून केलेली तक्रार आणि संध्याकाळी सहाला हसून केलेली ओळख, यांत दुसरीचा गुण जास्त. "आमची छोटी नऊला झोपते, रडली तर सांभाळून घ्या हं," एवढं आपणच आधी म्हणायचं. माफी आपण मागतो आणि विनंती समोरच्यापर्यंत पोहोचते. बहुतेक लोक वाईट नसतात, त्यांना तंबूच्या कापडाचा अंदाज नसतो.

तरीही गोंगाट झालाच तर एकदा स्वतः सांगा, शांतपणे, एकट्याने नाही आणि मुलांना बरोबर न घेता. दुसऱ्यांदा स्वतः जायचं नाही, सांभाळणाऱ्याला पाठवायचं. ते त्याचं काम आहे, आणि त्यासाठीच आपण त्याला फोनवर इतके प्रश्न विचारले होते. प्यालेल्या लोकांशी वाद घालून कोणाची झोप आजवर परत आलेली नाही.

आणि आपली बाजू. मुलं पहाटे साडेपाचला उठतात आणि त्यांना आवाज कमी करता येत नाही. पहिली गोष्ट आपल्याला बदलता येत नाही; दुसरीसाठी चित्रांच्या वह्या, पत्ते आणि साइटबाहेर फिरायला जायचा बेत तयार ठेवा. दुसऱ्यांच्या तंबूंमधून शॉर्टकट मारायचा नाही, हे घरी असतानाच सांगून ठेवा. गाडीचं दार रात्री दहानंतर उघडायचं नाही. रिमोटने लॉक केल्यावर हॉर्न वाजणारी गाडी असेल तर चावीने लॉक करा.

पांढऱ्या दाराच्या खोलीतल्या त्या बाईंकडे आम्ही गेलो, त्या रात्रीची गोष्ट. मुलं झोपली होती, आम्ही चौघं मोठी माणसं कंदिलाभोवती बसलो होतो, आणि कोणीतरी कॉलेजातला जुना किस्सा काढला. दहा वाजून दहा मिनिटांनी टॉर्चचा उजेड गवतावरून, कोणाच्या तोंडावर न येता, आमच्यापर्यंत आला. बाई वाकून हळूच म्हणाल्या, "ताई, हसणं जरा खाली घ्या. पलीकडे बाळ झोपलंय."

मी जीभ चावली. आणि सकाळी निघताना पुढच्या वर्षीची तारीख लिहून दिली.